पाटपाणी

नीला : अरे दादा, पण जमिनीवर कशाला मांडलीस पानं? टेबल कुठे गेलं?

नंदकुमार : बेडरूममध्ये सरकवलं. तू आधी बस, पाणी पी. आल्या आल्या तोफ डागू नकोस.

नीला : बसू कुठे? सोफ्यावर केळीची पानं, खुर्चीवर भुसा. आणि हे अंगठ्याला काय झालं?

नंदकुमार : पटाशी लागली. जुनं आहे ते.

नीला : चिंधी अजून ओली आहे आणि म्हणे जुनं. एकाहत्तराव्या वर्षी सुतारकी सुचतेय माणसाला! नलिनीवहिनी असती ना, तर करवत खिडकीतून खाली गेली असती.

नंदकुमार : ती असती तर सुतारकी केलीच कशाला असती मी? ते सोड. केयूर गाडी लावतोय का खाली? त्याला म्हणावं गेटच्या आतच घाल, वॉचमनला सांगून ठेवलंय मी. मुलुंडला रविवारी पार्किंगची बोंब असते.

नीला : केयूर नाही आला.

नंदकुमार : मागून येतोय?

नीला : नाही रे. त्याचं ऑफिसचं काहीतरी निघालं. मी रिक्षानं आले चेंबूरहून. रिक्षावाल्यानं घाटकोपरपासून जे तोंड उघडलं ते तुझ्या दारात मिटलं.

नंदकुमार : रविवारी ऑफिस?

नीला : असतं हल्ली रविवारी पण.

नंदकुमार : बरं. आणि सूनबाई?

नीला : तिची आई आलीये राहायला.

नंदकुमार : मग आईला पण आणायचं की! एका पानानं काय वाट लागणार होती माझी? बरं, असू दे. भाऊ आणि वहिनी निघालेच असतील. अंधेरीहून सव्वा तास धर. देवव्रत आणि अस्मिता बोरिवलीहून, तो नेहमीसारखा सगळ्यात शेवटी. बाप इथे वाट बघतोय, पण हा शेवटी.

नीला : दादा, ऐक ना...

नंदकुमार : मसालेभात झाकून ठेवलाय. आळूचं फदफदं, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर. श्रीखंड विकतचं हां, उगाच खोटं कशाला बोलू. पुऱ्या मात्र सगळे बसले की गरमागरम. कणीक मळून तयार आहे.

नीला : एकट्यानं केलंस एवढं?

नंदकुमार : पाचला उठलो. आळूनं हात खाजले तेवढंच. तू इकडे ये, हे बघ आधी. प्रत्येक पानासमोर एकेक ठेवलाय.

नीला : बघितले. ग्रुपवर फोटो टाकले होतेस की.

नंदकुमार : फोटोत काय डोंबल कळतंय? हात फिरव. फिरव ना गं! आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग दीडशे, मग दोनशे वीस. वरून खोबरेल तेलाचे चार हात. दुकानात प्लॅस्टिकचे चॉपिंग बोर्ड मिळतात ना, त्यांनी तोंड लपवावं.

नीला : गुळगुळीत आहे.

नंदकुमार : गुळगुळीत काय, लोणी म्हण. बाल्कनीत बसून चार महिने घासतोय. खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर भुसा पडला म्हणून तीनदा भांडण झालं. पण सोळा पुरे केले. ग्रुपवर टाकल्याबरोबर धडाधड अंगठे आले. भाऊनं तर 'झकास' लिहिलं. जन्मात पहिल्यांदा भाऊ मला झकास म्हणाला असेल.

नीला : आबांचे पाट होते रे हे.

नंदकुमार : म्हणून तर! माळ्यावर वाळवीची वाट बघत पडले होते. गणपती भाऊकडे गेले, सगळ्यांकडे टेबलं आली. तू सांग, तू शेवटची कधी बसलीस पाटावर?

नीला : केयूरच्या मुंजीत.

नंदकुमार : त्या केयूरला आता टक्कल पडतंय. मग? एक पाट मधून कापला की बरोब्बर दोन बोर्ड निघतात. एक आपल्या पिढीला, एक पुढच्या. वखारीतून आणलेलं लाकूड नाही हे, नीलू. जहाजाचं सागवान आहे.

नीला : मला सांगतोस? दारुखान्याच्या धक्क्यावर जुनं जहाज मोडीत काढलं तेव्हा आबांनी फळ्या घेतल्या आणि घाटकोपरपर्यंत हातगाडीबरोबर चालत आले. पायाला फोड आलेले. आई तेल चोळत होती आणि बडबडत होती.

नंदकुमार : आणि जेवायला बसलो की, "बोटीवर बसलायत रे, पाय बाहेर काढाल तर पाण्यात पडाल."

नीला : भाऊ मुद्दाम काढायचा.

नंदकुमार : आणि धपाटा मला! आबांची ती हाक आठवते? "पाटपाणी झालं का?" अख्ख्या चाळीला कळायचं, ह्यांच्याकडे पानं पडली. पावणेएक झाला गं. भाऊला फोन लावतो, कुठे पोचलाय बघतो. आणि तेल तापत ठेवतो.

नीला : तेल नको ठेवूस.

नंदकुमार : का?

नीला : कोणी येत नाहीये, दादा.

नंदकुमार : कोणी म्हणजे?

नीला : कोणीच. भाऊ नाही, वहिनी नाही. केयूरला ऑफिस नाही, घरी मॅच बघतोय. भाऊ मला म्हणाला, तू जाणारच आहेस ना, मग तूच सांग त्याला.

नंदकुमार : कधी म्हणाला?

नीला : बुधवारी.

नंदकुमार : आज रविवार आहे.

नीला : माहितीये मला.

नंदकुमार : अगं, काल मी ग्रुपवर विचारलं, पुऱ्या करू का पोळ्या. सगळ्यांनी तोंडाला पाणी सुटलेली चित्रं टाकली. तू पण टाकलंस!

नीला : टाकलं. हात गेला आपोआप. बुधवारपासून रोज फोन उचलते आणि खाली ठेवते. म्हटलं, समोर जाऊन सांगू. समोर आले तर तू पॉलिश पेपरचे नंबर सांगत बसलास.

नंदकुमार : पण का? काय झालं काय? मी कुणाचं काय घोडं मारलंय?

नीला : खरं सांगू?

नंदकुमार : नाहीतर काय! खोटं चार दिवस ऐकतोच आहे.

नीला : ज्यावर तीन पिढ्यांनी बूड टेकलं त्यावर मी कोथिंबीर चिरू का, असं म्हणाली वहिनी.

नंदकुमार : काय?

नीला : असंच म्हणाली. शब्दाला शब्द.

नंदकुमार : अगं, दोन्ही बाजूंनी रंधा मारलाय मी! वरचं लाकूड राहिलंय कुठे? आतलं, नवं, कुणी न बघितलेलं लाकूड आहे ते!

नीला : तू आरपार रंधा मार रे. पाट तो पाटच. माझ्या सुनेचं आणखी वेगळंच. ती म्हणते, मुंजीचा पाट, केळवणाचा पाट, ज्याच्यावर बसवून ओवाळलं त्यावर सुरी चालवायची? एकीला घाण वाटतं, दुसरीला पाप वाटतं. नको दोघींनाही आहे.

नंदकुमार : आणि तुला?

नीला : मला कशाला विचारतोस आता? कापायच्या आधी विचारायचं होतंस.

नंदकुमार : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.

नीला : म्हणालेच असते! माझा पाट होता तो. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं त्यावर बसवून मला भरवलं होतं. फोटोत त्याचे दोन तुकडे बघितले, मी फोन पालथा घातला आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. खूप राग आला मला तुझा. अजून आहे.

नंदकुमार : मग अंगठा कशाला टाकलास?

नीला : सगळे टाकत होते.

नंदकुमार : वा! छान! म्हणजे सोळा बोर्ड आणि घेणारं कोणी नाही. मी एकटा माणूस, सोळा बोर्डांवर काय चिरू? एक कांदा लागतो मला दिवसाला, तोसुद्धा अर्धा उरतो.

नीला : चिडू नकोस ना.

नंदकुमार : चिडू नको? नीलू, बोर्ड वापरा असं कोण म्हणत होतं? चुलीत घाला. या म्हणत होतो मी. नुसतं जेवायला या म्हटलं की कुणाच्या तारखा जुळत नाहीत. म्हटलं, काहीतरी हातानं करू, तुमच्यासाठी केलंय म्हणू, मग न्यायला तरी येतील. नलिनीच्या तेराव्यानंतर ह्या घरात दोन माणसं एका वेळी जेवलेली नाहीत. दोन वर्षं झाली. चहाला येतात. चहा पितात, घड्याळ बघतात.

(नंदकुमारचा फोन वाजतो. तो स्पीकरवर टाकतो.)

देवव्रत : हां बाबा, सॉरी सॉरी सॉरी. ऐका ना, आम्ही निघतच होतो, तेवढ्यात अस्मिताच्या मावशीचं मध्येच निघालं. आणि घोडबंदरला काय ट्रॅफिक आहे, माहितीये? मॅप नुसता लाल झालाय.

नंदकुमार : निघाला नाहीस तर मॅप कशाला बघत होतास?

देवव्रत : निघायचं म्हणूनच बघत होतो ना! तुम्ही पण ना बाबा. बरं, असं करा. आमचा बोर्ड पॅक करून वॉचमनकडे द्या. मी इथून कुणालातरी बुक करतो, तो येऊन घेऊन जाईल. दहा मिनिटांचं काम.

नंदकुमार : तुला हवाय तो?

देवव्रत : म्हणजे काय! सॉलिड झालाय. अस्मिता म्हणतेय हॉलमध्ये भिंतीवर लावू.

नंदकुमार : भिंतीवर.

देवव्रत : हो मग! तुम्ही एवढी मेहनत केलीये, वापरून खराब कशाला करायचा? तुम्ही जेवलात का?

नंदकुमार : बसतोय. नीलूआत्या आलीये.

देवव्रत : अरे वा, मग काय, मजा आहे तुमची. आत्या, बघ गं जरा त्यांच्याकडे. चला, ठेवतो बाबा. आणि तो पुऱ्यांचा फोटो टाका हां ग्रुपवर!

नंदकुमार : टाकतो.

नीला : ठेवला?

नंदकुमार : ठेवला. भिंतीवर लावणार म्हणे. त्याच्या आजोबांच्या बुडाखालचा पाट हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला.

नीला : हसतोस काय?

नंदकुमार : मग काय करू? रडून झालंय. दोन वर्षं तेच चाललंय.

नीला : माझ्याकडे काय वेगळं आहे असं वाटतं का तुला? चार माणसं आहोत घरात. चौघं आपापलं ताट वाढून घेतात, चार खोल्यांत जातात. मी हॉलमध्ये बसते. मालिकेतली माणसं तरी एकत्र जेवत असतात, त्यांच्याकडे बघत जेवते. कुणाला वाढू म्हटलं तर, "आई, मी घेईन."

नंदकुमार : कधी बोलली नाहीस.

नीला : काय बोलायचं? भरल्या घरात एकटं वाटतं म्हटलं तर लोक म्हणतील, म्हातारीला सुख टोचतंय. दादा, तू सोळा म्हणालास. नऊ पाट होते. नऊ दुणे अठरा.

नंदकुमार : एक नाही कापला.

नीला : कुणाचा? आबांचा?

नंदकुमार : आबांचा पहिला कापला. नलिनीचा ठेवलाय. तो बघ, फ्रिजच्या बाजूला उभा आहे.

नीला : अरे देवा. मन झालं नाही ना?

नंदकुमार : तसं नाही गं. तसं असतं तर बरं होतं.

नीला : मग कसं?

नंदकुमार : हे रंधा मारताना कळतं. आबांच्या पाटाला मधोमध खळगा पडला होता. चमचाभर पाणी राहील एवढा. नुसत्या बघण्यानं नाही दिसत, पट्टी आडवी धरली की खाली उजेड दिसतो. भाऊचा पाट एका बाजूनं झिजलेला, तिरका बसायचा ना तो. तुझा पुढच्या कडेला, सदा उठून पळायच्या तयारीत. माझा चांगला खोल होता. पोटभर जेवणाऱ्याचा.

नीला : आणि आईचा?

नंदकुमार : आईचा थोडा. शेवटची दहा वर्षं तिला नलिनीनं बसवून वाढलं, तेवढा. मग नलिनीचा घेतला. पट्टी धरली. खाली उजेडच दिसेना. उलटी धरली, तिरकी धरली, पट्टी पुसून परत धरली. सरळ. सुतारानं दिला तेव्हा होता तसा. पंचवीस वर्षं आपण सगळे खाली जेवलो ती आल्यानंतर, नीलू. पंचवीस वर्षांत तिचा पाट केसभर झिजला नाही.

नीला : ती बसायचीच कुठे? सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्यानं. पातेल्यात राहिलं असेल ते.

नंदकुमार : तुला माहीत होतं?

नीला : बाईमाणसाला सगळं माहीत असतं. मी माहेरपणाला यायचे, पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, अजून एक गरम टाका." तिच्या वाट्याला कधी गरम पुरी आली की नाही, विचारलं नाही मी. आता तुला काय बोलू?

नंदकुमार : मला दिसायला हवं होतं. रोज माझ्यासमोर वाकून वाढत होती ती. मला पुरी दिसायची, हात दिसायचा. आता मी तिथेच जेवतो. ओट्यापाशी, तिच्याच जागेवर. म्हटलं, बघू तरी कसं लागतं.

नीला : कसं लागतं?

नंदकुमार : पटकन संपतं.

नीला : दादा.

नंदकुमार : आज सगळ्यांना बसवून सांगणार होतो. तिचा पाट मधोमध ठेवणार होतो, पट्टी धरून दाखवणार होतो. म्हणणार होतो, बघा रे, हिनं तुम्हाला सगळ्यांना जेवू घातलं आणि हा तिचा पाट. मला माफी मागायची होती गं. एकट्यानं कुणाकडे मागणार? म्हणून बोर्ड. म्हणून हे सगळं.

नीला : माझ्याकडे मागितलीस ना आत्ता. मी पण मागितली. झालं आपल्या दोघांपुरतं. माझे तुकडे कुठले रे ह्यातले?

नंदकुमार : दोन्ही तिकडच्या टोकाला. डाग आहे बघ, काळा. तू निखारा सांडला होतास, ऊद घालताना. सगळ्यांचे डाग काढले, तुझा ठेवला.

नीला : इकडे दे दोन्ही. खाली ठेव, त्या पानापाशी. जोडून ठेव.

नंदकुमार : काय करतेस?

नीला : बसतेय.

नंदकुमार : खुळी का काय! तीन जिने चढून आलीस, गुडघ्यांची बोंब, आणि खाली बसतेस? मी टेबल आणतो बाहेर.

नीला : टेबल नको. हात दे. सावकाश... आई गं! थांब, सोडू नकोस... हां. बसले.

नंदकुमार : पाय तरी पसर.

नीला : पसरलेत. आबांना सांगू नकोस. दादा, डाग जुळत नाही रे.

नंदकुमार : करवतीनं खाल्लं तेवढं लाकूड गेलं. आणि पेपरानं घासून गेलं ते वेगळं. आता नाही जुळायचा.

नीला : असू दे. एक मला आणि एक केयूरला ना? दोन्ही मीच नेणार. कोथिंबीर पण चिरणार त्यावर, बघते कोण काय म्हणतं. आता तो वहिनीचा पाट आण. इथे, माझ्या शेजारी मांड.

नंदकुमार : आणतो. घे. तिचं पान वाढूया का त्यावर?

नीला : पान कशाला? तू बस त्यावर.

नंदकुमार : मी? मी नाही बसणार नीलू.

नीला : तूच बसायचं. आजच नाही, रोज. ओट्यापाशी उभं राहून जेवलास असं कळलं तर चेंबूरहून येऊन कान धरीन. तिच्या पाटावर बस, नीट वाढून घे आणि पोटभर जेव. झिजव जरा तो.

नंदकुमार : आता काय झिजणार गं? एकटा मी, आणि किती वर्षं उरलीत?

नीला : झिजेल तेवढा झिजेल. मी येईन. दर रविवारचं नाही सांगत, पण येईन.

नंदकुमार : बघ हां. अंगठा टाकून गप्प बसायचं नाही.

नीला : नाही बसणार. पाणी घे दोन भांडी. पाटपाणी झालं का, म्हण एकदा आबांसारखं.

नंदकुमार : जाऊ दे गं. ऐकायला कोण आहे? ही बाकीची पानं उचलू का? ओकीबोकी दिसतात.

नीला : नको, राहू देत. पंगतीत बसल्यासारखं वाटतंय मला.

नंदकुमार : बरं. तू जेवायला लाग. मी एकेक गरम पुरी काढून देतो, फुगलेली. कढईतून सरळ पानात.

नीला : आणि तू कधी बसणार?

नंदकुमार : तुझं झालं की बसतो ना.

नीला : दादा, सगळ्या तळून घेऊन ये. आज गार खाऊ, पण एकदम बसू.